खिडकीजवळचा खालचा बेड

मे महिना आला की अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या टेकड्या आठ-दहा दिवसांत रंग बदलतात. एप्रिलपर्यंत सगळं हिरवंगार, उतारावर गायी चरताहेत, बघणाऱ्याला वाटावं काय हे सुख. मग एक दिवस ऑफिसला जाताना फ्रीवेवरून मान वळवावी तर नुसतं वाळलेलं गवत. इथले लोक त्याला सोनेरी म्हणतात. म्हणोत बापडे. मी नागपूरची आहे, मला वाळलेलं गवत वाळलेलंच दिसतं. आणि ते दिसलं की दरवर्षी न चुकता माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरकडे जाण्यासारखं दुखणं नव्हे हे. दोन हजार पाच सालच्या मे महिन्यापासूनचं आहे आणि त्याचं नाव वैदेही.

वैदेही माझी रूममेट होती. पुण्याची. आम्ही दोघी वेगवेगळ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचो आणि भाडं अर्धं अर्धं भरून दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. माणूस म्हणून ती इतकी चांगली होती की तिच्याशी भांडायला काही निमित्तच मिळायचं नाही. तिचा नंबर नसतानाही भांडी घासून ठेवायची. मी आजारी पडले तर मऊ भात करायची. अशा माणसावर जळणं फार अवघड असतं. वाईट माणसावर जळायला काय लागतं हो, कोणीही जळेल.

युरोपची कल्पना माझी. हे पहिल्यांदा सांगून ठेवते, कारण पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही. मेमोरियल डेचा तीन दिवसांचा वीकेंड धरायचा, वर तीन सुट्ट्या टाकायच्या आणि ॲम्स्टरडॅमला जायचं, चार रात्री. ऑफिसात लंचला सगळे स्क्रीनवर क्रिकेटचा स्कोअर बघायचे, मी हॉस्टेलं बघायचे. एकेका हॉस्टेलवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय पन्नास-पन्नास वाचले. शेवटी एक सापडलं. अगदी गावाच्या मध्यात, स्टेशनपासून बारा मिनिटं चालत, कालव्याच्या काठावर. चार मजली अरुंद घर, जिना इतका उभा की बॅग घेऊन चढताना दोरी धरावी लागते. घराच्या माथ्यावर पुढे एक लोखंडी हुक. जिन्यातून सामान जातच नाही, म्हणून पूर्वीपासून कपाटं-पलंग त्या हुकाला टांगून खिडकीतून आत घेतात. हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता! तिसऱ्या मजल्यावर मुलींची सहा बेडची खोली, तीन खाली, तीन वर. त्यातला एक खालचा बेड खिडकीला लागून. कोणीतरी लिहिलं होतं, त्या बेडवर पडल्या पडल्या पाणी दिसतं.

मी हॉस्टेलला मेल केला की मला तोच बेड हवा. वेडीच म्हणायची. पण तिथल्या बाईंनी उत्तर पाठवलं, की ठीक आहे, तो तुमच्या नावाने ठेवते, मैत्रिणीला तुमच्या वरचा देते. तो मेल मी प्रिंट करून फाइलमध्ये सगळ्यात वर लावला.

फाइल निळी होती. आपली माणसं फाइलशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि माझी फाइल तर बघणाऱ्याने हात जोडावेत अशी. ट्रामचे नंबर, पुलांची नावं, कुठली बेकरी किती वाजता बंद होते, पाऊस आला तर काय, वैदेहीचा पाय दुखला तर काय. आईला फोनवर सगळं सांगायचे. आई म्हणायची, "हॉस्टेल आहे म्हणतेस, मग मेस असेल ना तिथे? दोन टायमाचं जेवण देऊन राहिले का?" मी म्हणायचे, आई, आमच्या लेडीज हॉस्टेलसारखं नाही गं ते, तिथे प्रवासी उतरतात, जगभरचे. आईने ते अख्ख्या कॉलनीला सांगून टाकलं. आमची मंजू जगभरच्या लोकांसोबत राहणार आहे म्हणे.

आणि मग पासपोर्ट. कंपनी बदलली तेव्हा माझी कागदपत्रं नवीन झाली होती, पण पासपोर्टातला अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प जुन्या कंपनीचा, कधीच संपलेला. अमेरिकेत राहायला त्याचं काही अडत नाही, बाहेर पडून परत यायला अडतं. आमच्या कंपनीचा वकील फोनवर अगदी गोड बोलला. म्हणाला, जा की, जायला कोण नको म्हणतंय? परत यायची गॅरंटी मात्र मी देत नाही. वैदेही डिसेंबरात भावाच्या लग्नाला पुण्याला जाऊन आली होती, येताना मुंबईहून स्टॅम्प मारून घेतला होता. तिचा स्टॅम्प करकरीत. मी तो बघितलाय, हातात घेऊन.

"आपण कॅन्सल करू यार," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय मी काय करू तिथे?"

 मी म्हणाले, "वेडी आहेस का, तू जा. फाइल घेऊन जा. माझा बेडही घे." मनात म्हणत होते, नाही म्हण गं बाई, एकदा तरी नाही म्हण. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हणाली. मला आजही वाटतं, तिने तिसऱ्यांदाही नाही म्हणायला हवं होतं.

तिच्यासाठी दशम्या मी केल्या. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला घरातून रिकामं पाठवत नाहीत, मग मनात काय वाट्टेल ते असो. दुधात भिजवलेली कणीक, गूळ, मंद आचेवर एकेक दशमी. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाची पुडी. भाजताना दर दशमीला मी देवाकडे एकच मागत होते, की तिकडे पाऊस पडू दे. फार नको. सारखी पिरपिर चालेल.

विमानतळावर सोडून परत आले तर घर एकदम मोठं झालेलं. टेकड्या नुकत्याच पिवळ्या पडल्या होत्या, खिडकीतून कोरड्या गवताचा वास येत होता. मी कॉम्प्युटर लावून ॲम्स्टरडॅमचं हवामान बघितलं. लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशीही ऊन. चारही दिवस ऊन! त्या गावात म्हणे वर्षभर पाऊस असतो.

त्या चार दिवसांत मी फ्रीमाँटमध्ये नव्हतेच. तिकडचं घड्याळ आमच्यापेक्षा नऊ तास पुढे. सकाळी दात घासताना मला ठाऊक असायचं, आता ती दुपारी पुलावर असेल. मी डब्यातला गार पोळी-भाजीचा रोल खायचे तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ, नऊ वाजून गेले तरी न संपणारी. मला त्या उजेडाचाही राग यायचा. मराठीत बरं आहे, हेवा म्हटलं की जरा सोज्वळ वाटतं, मत्सर म्हटलं की कीर्तनात बसल्यासारखं. मला जे झालं होतं त्याला जळणंच म्हणतात. आतून, हळूहळू, ओलं लाकूड जळतं तसं. ज्वाला नाही, सगळा धूरच.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ऑफिसात फोन वाजला.

"मंजू, सॉरी यार, फाइल बेडवर राहिली. आता परत तो जिना कोण चढणार! सांग ना, हॉस्टेलच्या दारातून ती बेकरी डावीकडे की उजवीकडे?"

माझ्यासमोर बग्सची यादी उघडी होती. मी डोळे मिटले. "उजवीकडे वळ. पूल येईल, तो ओलांडू नको, काठाकाठानेच जा. दुसऱ्या कोपऱ्यावर हिरवं दार. वैदेही, पळ, ती सहाला बंद होते. तुझ्याकडे साडेपाच झालेत."

ती फोन कानाला लावूनच पळाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, ट्रामची घंटी, कोणीतरी सायकलवरून ओरडलं ते. मग दाराचा आवाज, बेकरीतल्या बाईचा आवाज, आणि वैदेही ओरडली. "मिळाला गं! शेवटचाच होता!" सफरचंदाचा तो केक शोधायला मला दोन आठवडे लागले होते. ती तोंड भरून बोलत होती. "काय आहे माहितीये, अजून गरम आहे. तुला कसं माहिती होतं सगळं?" मी म्हणाले, मीटिंग आहे, ठेवते. मीटिंग-बिटिंग काही नव्हती. मी रेस्टरूममध्ये जाऊन रडून आले.

ती परत आली, नाकावर ऊन लागून लाल झालेली. येताना माझ्यासाठी फ्रिजवर लावायचं छोटंसं घर आणलं, हुकासकट. आणि फोटो. तीनशे ऐंशी. लॅपटॉपसमोर बसवून तिने मला एकेक दाखवला, मीच तिला सांगत होते की हा पूल कुठला. खिडकीचा फोटो आला. पाणी दिसत होतं, पण थोडंसं, सायकलींच्या ढिगामागे. मी तो फोटो मनातून लगेच पुसून टाकला. पुढचा फोटो माझ्या बेडचा. पांढरी चादर, उशी, आणि उशीवर व्यवस्थित ठेवलेली माझी निळी फाइल.

"तू असल्यासारखं वाटावं म्हणून," वैदेही म्हणाली.

मला इतका संताप आला की मी उठून कुकर लावला. दोन माणसांना चार वाट्या तांदूळ.

आता खरी गोष्ट सांगते. माझं जाणं रद्द झाल्याचं मी आईला सांगितलंच नव्हतं. आधी वाटलं, व्हिसाचं नाव काढलं तर ती घाबरेल, बाबांना बीपीचा त्रास. मग कॉलनीचा प्रश्न आला. खरं कारण त्याहून साधं आहे, मला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. म्हणून आठ दिवस मी घरी फोनच केला नाही. फ्रीमाँटमध्ये बसून, फोन शेजारी ठेवून, ॲम्स्टरडॅमला गेले. वैदेही आल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलिंग कार्ड काढलं आणि आईला म्हणाले, "आले गं परत."

आणि सुटले. जिना सांगितला, हुक सांगितला, तोंड भाजणारा केक सांगितला. फाइल बेडवर विसरले आणि पळत बेकरी गाठली, तेही सांगितलं, माझं म्हणून. "अन् बेडवरून पाणी दिसायचं का गं?" आईने विचारलं. मी म्हणाले, "आई, डोळे उघडले की पाणीच." कार्डाची वीस मिनिटं संपून फोन कट झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या वीस मिनिटांत मी जळत नव्हते. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग काय, चटकच लागली. आई दर रविवारी नवीन काहीतरी विचारायची आणि मी सांगायचे. ते छोटं घर मी नागपूरला पाठवून दिलं, आईने फ्रिजवर लावलं. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मी घरी गेले तर शेजारच्या काकूंना बोलावून आईने मला समोर बसवलं, सांग म्हणाली. मी सांगितलं. मुंबईहून स्टॅम्पही मारून घेतला. आता ॲम्स्टरडॅमला जायला मला कोणी अडवत नाही, पण मी गेले नाही. गेले आणि खिडकीत सायकलीच दिसल्या तर?

वैदेही मध्यंतरी लग्न करून लांब प्लेनो गावी गेली. मोठं घर, मोठा नवरा. मोठा म्हणजे उंचीने, स्वभावाने बरा आहे. आमचे फोन व्हायचे, पण फोनवर मला तिचा हेवा जरा कमी वाटायचा, म्हणून मी तिच्याकडे जायचे नाही, फोनच करायचे. यंदा मे महिन्यात तिचं इकडे ऑफिसचं काम निघालं. "रविवारी जेवायला येते," म्हणाली. आणि माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आई आलेली.

बुधवारपासून मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. तिला आधी सांगून ठेवायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझे चार दिवस मी चोरलेत, जरा सांभाळून घे? आणि न सांगावं तर आईसमोर एका वाक्यात सगळं खलास. आई रागावणार नाही, हे जास्त वाईट. ती गप्प होईल आणि नागपूरला गेल्यावर फ्रिजवरचं ते घर काढून ठेवेल. वैदेहीचं काय होईल, ते तर मला कळतच नव्हतं. जिच्या सुखावर मी तीन वर्षं जळले ते मीच घालून फिरत होते, तिच्या मापाचं.

रविवारी आईने पाटवडीचा रस्सा केला होता. वैदेही आली, आईच्या पाया पडली, डायनिंग टेबलाशी बसली. मी मुद्दाम रस्सा गरम करत राहिले. प्लेनोची गरमी झाली, नवऱ्याची नोकरी झाली. आणि मग आई म्हणालीच.

"काय गं वैदेही, तिकडे हॉस्टेलला खिडकीजवळचा बेड हिनेच घेतला म्हणे. तुला वरती चढवलं. मी तेव्हाच रागावली होती हिला फोनवर. बरोबरीच्या मैत्रिणीला असं करतात का?"

माझ्या हातात डाव होता, तो तसाच राहिला. वैदेहीने हातातली वडी ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण मला तो पुरला. रश्श्यावरची तर्री हलत होती आणि मी त्या तर्रीकडेच बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळेना.

"हो ना काकू," वैदेही म्हणाली. "पडल्या पडल्या हिला पाणी दिसायचं, आणि मला वर छताची फळी. चार दिवस नुसती जळत होते हिच्यावर."

"जळणारच बाप्पा," आई म्हणाली.

"आणि वर त्या घंटा! शेजारी चर्च होतं, दर पंधरा मिनिटांनी वाजायच्या. रात्रभर. माझ्या डोळ्याला डोळा नाही."

आई माझ्याकडे वळली. "घंटा? हे तर तू मला कधी नाही सांगितलं मंजू."

तीन वर्षांत आईला सगळं पाठ झालं होतं, हुक, हिरवं दार, पुलाचा कोपरा. मी म्हणाले, "विसरले असेन."

"असं कसं विसरली? बेकरीचं हिरवं दार ध्यानात राहिलं, अन् रात्रभर वाजून राहिलेल्या घंटा विसरली?"

"तिला कुठल्या ऐकू येतायत काकू," वैदेही म्हणाली. "ती खाली ढाराढूर. मी वर जागी, आणि ही घोरतेय." आई खो-खो हसली. माझं घोरणं तिला माहीत आहे. वैदेहीने आणखी एक वडी मागून घेतली.

जेवून आई आत पडली. आम्ही दोघी सिंकपाशी. वैदेही घासत होती, मी पुसत होते. खिडकीतून मागची टेकडी दिसत होती, पिवळीधमक. 

"वैदेही, मी..."

"काकूंना किती डिटेलमध्ये माहिती आहे गं," ती म्हणाली. "हिरवं दार मी विसरूनही गेले होते."

मी ताट पुसत राहिले. ते कधीच कोरडं झालं होतं. मग जे विचारायला नको होतं तेच विचारलं. "घंटा खरंच होत्या?"

"होत्या ना."

"परत आल्यावर बोलली नाहीस. तीनशे ऐंशी फोटो दाखवलेस, आणि हे नाही सांगितलंस."

तिने नळ बंद केला. "तू आधीच इतकी जळत होतीस मंजू. दिसायचं मला. कुकर लावलास तेव्हाच कळलं. म्हटलं, एवढं एक नको सांगायला." मग म्हणाली, "झोप येत नव्हती ते खोटं आहे. मी मुद्दाम जागी राहायचे. फार सुंदर होत्या गं."

इथे मी तिचे हात धरायला हवे होते. माफी मागायला हवी होती. 

"कशा वाजायच्या?" मी विचारलं.

फेसाळलेले हात तसेच पाण्यावर धरून वैदेहीने डोळे मिटले आणि हळू आवाजात गुणगुणायला लागली. चार सूर खाली, मग दोन वर, मग पुन्हा पहिल्यापासून. मी ताट छातीशी धरून ऐकत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू, पुष्कळ वाटत होती. पण तिचं दुसऱ्यांदा गाऊन व्हायच्या आत मला ते पाठ झालं होतं.